जिवावरचं केसांवर निभावलं?

शेवटची केमो होऊन आठवडा झाला होता. शेजारच्या काकू नारळ घेऊन भेटायला आल्या. डोक्याला बांधलेल्या माझ्या सुती रुमालाकडे पाहत म्हणाल्या, ‘‘अगं, जिवावरचं होतं, ते केसांवर निभावलं. केस काय, येतील परत.’’ मूळ म्हणीत शेपूट असतं. काकूंनी तिथे केस घातले आणि खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. त्याच संध्याकाळी तोंड पुसताना उजव्या पापणीचे उरलेले तीन केस टॉवेलला लागून आले. औषध संपलं होतं, गळणं मात्र चालूच होतं. असं होऊ शकतं याची कल्पना मला कुणीही दिलेली नव्हती.

काकूंबद्दल माझ्या मनात प्रेमच आहे. भांडण आहे ते त्यांच्या वाक्याशी, कारण ते एकट्या काकूंचं नाही. ते मी ओपीडीत ऐकलं, हाताला सलाईन लावलेलं असताना ऐकलं, पुतणीच्या लग्नाच्या मांडवातही ऐकलं. बोलणारा प्रत्येक जण दिलासाच देत होता. पण त्या दिलाशात तीन विधानं दडलेली आहेत. एक, केस ही किरकोळ गोष्ट आहे. दोन, ते आपोआप येतात, तेव्हा त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तीन, ज्याचा जीव वाचला त्याने एवढ्यातेवढ्याची तक्रार करू नये. ही तिन्ही विधानं चूक आहेत आणि त्या चुकीची किंमत रुग्ण मोजतात, एवढंच मला या लेखात दाखवायचं आहे. 2022 या एका वर्षात भारतात स्तनांच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण झाले, असा जागतिक नोंदींचा अंदाज आहे. त्यातल्या असंख्य जणींना केमो घ्यावी लागते. तेव्हा हे एका घरातलं रडगाणं नाही.

पहिलं विधान घेऊ. केस म्हणजे नटण्यामुरडण्याची बाब, असं म्हणणाऱ्यांनी आधी आपली भाषा ऐकावी. कुणाला अभय द्यायचं असेल तर मराठी माणूस म्हणतो, ‘तुझ्या केसालाही धक्का लागू देणार नाही.’ माणसाच्या सुखरूपपणाचं शेवटचं टोक आपण केसात धरलं आहे. आणि बाईचं डोकं रिकामं होण्याला तर आपल्याकडे मोठा आणि दुखरा इतिहास आहे. केशवपनाने विधवेला कुरूप केलं जायचं, घराच्या आणि समाजाच्या कडेला ढकललं जायचं. केस न काढलेल्या विधवेला ‘सकेशा’ म्हणून वेगळं ओळखावं लागे, इतकी केस नसणं ही रीत होती. 1890 साली सत्यशोधक चळवळीतले कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतले न्हावी एकत्र आले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असा त्यांनी निर्धार केला. पोटावर पाय येईल हे माहीत असूनही त्यांनी तो केला. केस ही किरकोळ गोष्ट असती तर त्या संपाची गरजच पडली नसती.

माझ्या आईच्या आत्या ऐंशीच्या पुढच्या आहेत. मला रुमालात पाहून त्या हमसून रडल्या. कर्करोग म्हणजे काय हे त्यांना नीटसं कळलेलं नव्हतं. त्यांना आठवलं होतं ते लहानपणी वाड्यात पाहिलेलं, लाल आलवणाखाली झाकलेलं एका विधवेचं डोकं. आपण कितीही आधुनिक झालो तरी ही आठवण अजून जिवंत माणसांच्या डोळ्यांत आहे. तिरुपतीला जाऊन आनंदाने केस देणाऱ्या बायका मला माहीत आहेत. त्यांनी केस दिले, माझे गेले. दिल्याने पुण्य मिळतं, गेल्याने नजरा मिळतात.

त्या नजरांचा अर्थ असा, की आजार कुणाला सांगायचा आणि कुणाला नाही हे ठरवण्याचा हक्कही केसांबरोबर जातो. शस्त्रक्रियेची खूण ब्लाउजखाली झाकली जाते. डोकं झाकलं तरी झाकलेपण दिसतं. घरमालकाला कळतं, कचेरीतल्या साहेबांना कळतं, मुलीच्या वर्गातल्या मुलांना कळतं. मुलीने एकदा विचारलं, ‘‘आई, पालकसभेला बाबांनाच पाठवशील का?’’ तिला माझी लाज वाटत नव्हती. मैत्रिणींनी विचारलं तर काय उत्तर द्यायचं, एवढंच त्या नऊ वर्षांच्या पोरीला कळत नव्हतं.

आणि डोक्याचे केस तरी रुमालाखाली झाकता येतात, भुवयांवर काय बांधणार? भुवया गेल्या की चेहरा कोरा होतो. 2003 साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध व्यक्तींची छायाचित्रं घेतली, काहींतले डोळे पुसले, काहींतल्या भुवया पुसल्या, आणि लोकांना चेहरे ओळखायला सांगितलं. डोळे पुसलेल्या चेहऱ्यांपेक्षा भुवया पुसलेले चेहरे ओळखणं लोकांना जास्त जड गेलं. आरशात पाहून ‘ही मी नव्हेच’ असं वाटतं ते म्हणूनच. तो मनाचा हळवेपणा नाही. चेहरा ओळखण्याचा जो आधार माणसाचा मेंदू धरतो, तोच गेलेला असतो.

पापण्यांच्या केसांचं काम तर याहून सरळ आहे. जॉर्जिया टेकमध्ये डेव्हिड हू यांच्या गटाने 22 सस्तन प्राण्यांचे डोळे मोजले आणि 2015 मध्ये निष्कर्ष मांडला, की पापण्यांच्या केसांची लांबी साधारणपणे डोळ्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश असते, आणि नेमक्या त्याच लांबीला डोळ्यावरून जाणारा वारा सर्वांत कमी होतो. धूळ अडते, ओलावा टिकतो. भुवया कपाळाचा घाम डोळ्यांत उतरू देत नाहीत. नाकातले केस नाकाचं पाणी धरून ठेवतात. हे सगळे केस एकदम गेले की काय होतं, ते एप्रिलच्या उन्हात एसटीच्या खिडकीशी बसून मी भोगलं आहे. घाम सरळ डोळ्यांत, धूळ सरळ बुबुळावर, आणि नाक इतकं गळतं की रुमाल तोंडापासून दूर करता येत नाही. शेजारची बाई समजली मी रडते आहे. ज्या गोष्टीने माणसाला डोळे उघडे ठेवणं जड जातं, तिला नटणं म्हणता येत नाही.

आता दुसरं विधान. ‘येतील परत’. हे बहुतेकींच्या बाबतीत खरं आहे, आणि म्हणूनच ते इतकं निष्काळजीपणे वापरलं जातं. खरं वाक्य असं आहे: केस बहुतेक वेळा येतात, पण सगळे एकदम येत नाहीत, पूर्वीसारखे येतीलच असं नाही, आलेले पुन्हा गळू शकतात, आणि थोड्या जणींचे पुरते येतच नाहीत. या लांब वाक्यातला प्रत्येक तुकडा रुग्णाला आधी कळायला हवा.

केमोचं औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना गाठतं. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी अशाच आहेत. डोक्यावरच्या सुमारे एक लाख केसांपैकी दहातले साडेआठ ते नऊ कोणत्याही क्षणी वाढीच्या अवस्थेत असतात आणि ती अवस्था दोन ते सहा वर्षं चालते. त्यामुळे औषधाच्या तावडीत जवळजवळ सगळेच सापडतात, आणि पहिल्या डोसनंतर दोन ते तीन आठवड्यांत डोकं रिकामं होतं. माझे सोळाव्या दिवशी गेले. मात्र सगळ्याच केमोने असं होत नाही. आम्ही बायका ज्याला ‘लाल औषध’ म्हणतो ते डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल, सायक्लोफॉस्फामाइड ही केस घेऊन जातात. कॅपेसिटाबिनसारख्या औषधाने ते नुसते विरळ होतात किंवा तेवढंही होत नाही. मग ज्या बाईला मुळात केस जाणारं औषध मिळणारच नाही, तिने रात्र रात्र वेणी धरून का रडावं? केवळ कुणी सांगितलं नाही म्हणून?

भुवया आणि पापण्यांचा हिशेब निराळा आहे. त्यांची वाढीची अवस्था एक-दोन महिन्यांचीच असते, आणि एका वेळी त्यातले निम्म्याहून कमी केस वाढत असतात. बाकीचे विश्रांतीत असतात. म्हणून पहिल्या तडाख्यात ते वाचतात आणि बाई समजते, चला, एवढं तरी राहिलं. पण विश्रांतीतला केस आपल्या वेळेला गळतोच, आणि त्याच्या जागी उगवणारा नवा केस औषधाने आधीच मारलेला असतो. त्यामुळे भुवया आणि पापण्या उपचाराच्या शेवटी शेवटी, कधी तर शेवटच्या डोसनंतर जातात. सगळे पेढे वाटत असतात तेव्हा चेहरा सर्वांत जास्त आजारी दिसतो. पुढे ते केस एकदम उगवतात, आणि एकदम उगवले म्हणून एकदमच विश्रांतीला जातात. परिणाम असा, की दोन-तीन महिन्यांनी छान आलेल्या पापण्या पुन्हा एकदा झडतात. हळूहळू केसांच्या पाळ्या विखुरतात आणि गळणं लक्षात येईनासं होतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण ज्या बाईला हे माहीत नाही ती त्या दिवशी आरशासमोर एकच विचार करते: आजार परत आला.

माझा हा विचार चार रात्री चालला. पाचव्या दिवशी पुढच्या तारखेची वाट न पाहता मी रुग्णालय गाठलं, तीन तास रांगेत बसले आणि डॉक्टरांनी दहा सेकंदांत सांगितलं, ‘‘होतं असं.’’ होतं असं, हे त्यांना माहीत होतं. मग ते मला आधी का सांगितलं गेलं नाही? चार रात्री मी मुलीच्या शाळेच्या फीचा आणि माझ्यानंतर तिला कोण सांभाळेल याचा विचार करत होते. ‘केस काय, येतील परत’ या वाक्याने मला त्या रात्री दिल्या.

डोक्याच्या केसांचंही वेळापत्रक आहे. शेवटच्या डोसनंतर महिना-दीड महिन्यात मऊ लव दिसू लागते. खरे केस दोन-तीन महिन्यांत. त्यानंतर महिन्याला साधारण एक सेंटीमीटर. म्हणजे वर्षाने डोकं झाकलं जातं, कानावर बटा येतात, पण वेणी येत नाही. कमरेपर्यंतच्या वेणीला पाच वर्षं लागतात. नवे केस कुरळे येऊ शकतात, पांढरे येऊ शकतात, पोत निराळा असू शकतो. यातलं बरंचसं पुढे निवळतं. हे आधी माहीत असेल तर बाई कुरळ्या केसांकडे कौतुकाने पाहते, नसेल तर ‘हे माझे नाहीत’ म्हणून हिरमुसते.

आणि ज्यांचे येत नाहीत त्यांचं काय? केमो संपून सहा महिने झाले तरी केस पुरते आले नसतील, तर वैद्यकात त्याला टिकून राहिलेली केसगळती म्हणतात. बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या वेळी दिल्या जाणाऱ्या बुसल्फानच्या जबर मात्रेनंतर ती दिसते, डोसिटॅक्सेलनंतरही थोड्या रुग्णांमध्ये दिसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर 2015 मध्ये डोसिटॅक्सेलच्या माहितीपत्रकात कायमच्या केसगळतीची नोंद घालायला मान्यता दिली. मेंदूला किरणोपचाराची मोठी मात्रा मिळाली तर तेवढ्या जागेवरचे केस कायमचे जाऊ शकतात. शिवाय टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या हार्मोनच्या गोळ्या आहेत. पाच-पाच, दहा-दहा वर्षं घ्यायच्या. त्यांनी काही जणींचे माथ्यावरचे केस विरळ होतात. अशा बाईला ‘येतील परत’ म्हणणं म्हणजे तिच्या अनुभवालाच खोटं पाडणं. ती स्वतःला दोष देते. आपण नीट खात नाही, आपण काळजी फार करतो, आपलंच काहीतरी चुकलं. दोष तिचा नसतो. त्याला कारण आहे, नाव आहे, काही वेळा उपायही आहे. तो विचारायला जायचं धैर्य मात्र त्या वाक्याने हिरावून घेतलेलं असतं.

ही मोकळी सोडलेली जागा ओस राहत नाही. तिथे तेलवाला येतो.

माझ्याकडे त्या वर्षात सात तेलं आली. माक्याचं, जास्वंदीचं, एका वैदूचं, एका ओळखीच्या जावेच्या माहेरून आलेलं काळं, आणि बाटलीवर केस सोडलेल्या बाईचं चित्र असलेली महागडी तीन. प्रत्येकाबरोबर एक साक्ष होती: अमकीने केमोनंतर तीन महिने लावलं आणि बघा. बघायला हवंच, पण नीट. केमो संपल्यावर तीन महिन्यांत केस बहुतेकींचे येतातच. त्या तीन महिन्यांत डोक्याला काहीही लावलं तरी येतात, काही नाही लावलं तरी येतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, की फांदीचं श्रेय कावळ्याला. डोक्याला तेल लावण्याचं सुख मी नाकारत नाही. आईने बोटांनी कोमट खोबरेल लावलं तेव्हा मला सहा महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोप लागली. पण ते आईच्या बोटांचं काम होतं. हजार-दोन हजार रुपयांची बाटली विकणाऱ्याने ते आपल्या नावावर घेऊ नये.

कांद्याच्या रसाचंही तसंच. 2002 साली इराकमधल्या डॉक्टरांनी कांद्याच्या रसाचा लहानसा प्रयोग केला होता हे खरं. पण तो चाई पडलेल्या रुग्णांवर केला होता. चाई हा निराळा रोग. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांवर उलटते. केमोने गेलेल्या केसांशी त्याचा संबंध नाही, आणि नुकत्याच निवलेल्या नाजूक टाळूवर कांदा चोळणं म्हणजे आगीला आमंत्रण. केस दाट येण्यासाठी पुन्हा पुन्हा गोटा करायचा, हा तर जावळाच्या रूढीतून आलेला सल्ला. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी 1928 सालीच दाढीच्या केसांचं मोजमाप करून दाखवलं, की वस्तऱ्याने केसाचा रंग, जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही. कापलेला केस बोथट टोकामुळे राठ लागतो, इतकंच. केस उगवू लागल्यावर तीन महिन्यांत कष्टाने आलेले तीन सेंटीमीटर त्या बिचारीने पुन्हा न्हाव्याकडे का टाकावेत?

बायोटिनच्या गोळ्यांबद्दल तर स्पष्ट इशाराच द्यायला हवा. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे 30 मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. केसांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते शेकडो पट असतं. केमोने गेलेले केस त्याने लवकर येतात याला भक्कम पुरावा नाही. उलट रक्तात एवढं बायोटिन असेल तर थायरॉइड, संप्रेरकं, हृदयाचं ट्रोपोनिन अशा काही तपासण्यांचे आकडे खोटे येऊ शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर 2017 मध्ये याबद्दल जाहीर सावधगिरीची सूचना काढली. ज्या बाईचं आयुष्य पुढची कित्येक वर्षं रक्ताच्या रिपोर्टवर चालणार आहे, तिने ही गोळी डॉक्टरांना आणि लॅबला न सांगता घेणं धोक्याचं आहे. आणि ती सांगत नाही, कारण ‘केसांचं काय घेऊन बसलात’ हे उत्तर तिने एकदा ऐकलेलं असतं.

जे खरोखर तपासलेलं आहे ते मात्र तिच्यापर्यंत पोचत नाही. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्तनांच्या कर्करोगाच्या स्त्रियांनी केमोच्या काळात 2 टक्के मिनॉक्सिडिल डोक्याला लावलं. केस गळणं थांबलं नाही, पण टक्कल राहण्याचा काळ सरासरी 50 दिवसांनी घटला. हार्मोनच्या गोळ्यांनी विरळ झालेल्या केसांसाठीही त्वचारोगतज्ज्ञ ते लावायला देतात. पापण्यांच्या केसांसाठी बिमॅटोप्रोस्ट हे काचबिंदूचं औषध 2008 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मान्य झालं. पण त्याने बाहुलीभोवतालच्या पडद्याचा रंग गडद होऊ शकतो, पापणीची त्वचा काळवंडू शकते. म्हणून ही औषधं मैत्रिणीच्या सांगण्यावरून आणायची नाहीत. कर्करोगाच्या डॉक्टरांना आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. त्यासाठी विचारण्याची मोकळीक आधी हवी.

इथे माझ्याविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो आणि मी तो टाळणार नाही. डॉक्टर म्हणतील, एका सकाळी शंभर रुग्ण बघायचे, त्यात गाठ फुटून आलेली बाई, पैसे संपून उपचार सोडायला निघालेला बाप, पांढऱ्या पेशींचा काउंट घसरलेलं पोर. आम्ही जीव वाचवू की पापण्यांचं बोलू? परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर पथारी टाकून राहणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिनोन् महिने काढणारी, विदर्भातून, बिहारमधून आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यापुढे केसांचा प्रश्न मांडताना मलाही संकोच वाटायचा. तो संकोच एका बाईने घालवला. धर्मशाळेच्या जिन्यावर बसून ती मला म्हणाली, ‘‘ताई, भाकरीचं कुणीतरी बघतंय. डोक्याचं मी कुणाला विचारू?’’ गरीब बाईला केसांचं दुःख कमी असतं, हे गरिबी न पाहिलेल्यांचं मत आहे. तिला विग परवडत नाही, ऑफिसातून रजा मिळत नाही, पदर कपाळावर ओढून तिला पुन्हा शेतावर किंवा चार घरी कामाला जायचं असतं. माणसाच्या केसांची निर्यात करणाऱ्या जगातल्या मोठ्या देशांपैकी आपला एक देश. आणि इथल्या रुग्ण बाईच्या डोक्यावर मात्र जुना स्कार्फ.

आणि जीव वाचवणाऱ्या वैद्यकाने केसांकडे बघू नये, हे परळलाच मान्य नव्हतं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टर ज्योती बाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनांच्या कर्करोगाच्या 51 स्त्रियांवर टाळू थंड ठेवण्याच्या उपचाराची रीतसर चाचणी घेतली, आणि ती 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. केमोच्या आधी, चालू असताना आणि नंतर गार टोपी घालायची. टाळूच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, मुळांशी औषध कमी पोचतं. टोपी घातलेल्या गटात निम्म्याहून अधिक जणींचे केस टिकले, न घातलेल्या गटात एकीचेही नाही. ज्यांचे गेले त्यांचेही टोपीच्या गटात लवकर परतले. 2017 मध्ये अमेरिकेतल्या दोन चाचण्यांनीही हेच सांगितलं होतं. मी या टोपीची जाहिरात करत नाही. यंत्र महाग आहे, प्रत्येक वेळी खुर्ची दीड-दोन तास जास्त अडून राहते, लाल औषधासारख्या औषधांबरोबर यश कमी, रक्ताच्या कर्करोगात ती वापरत नाहीत, आणि भुवया-पापण्यांना तिचा उपयोग नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ती उद्या यावी असं मी म्हणणार नाही. पण आपल्या देशातल्या सर्वांत गजबजलेल्या कर्करोग रुग्णालयातल्या डॉक्टरांना त्या गर्दीतही हा प्रश्न अभ्यासावासा वाटला, एवढं पुरे आहे. गर्दी हे कारण तिथे चाललं नाही, तर इतरत्र का चालावं?

शिवाय मी जे मागते आहे त्याला यंत्र लागत नाही. एक कागद लागतो, आणि तो समजावून सांगायला दहा मिनिटं. डॉक्टरांची नव्हे तर नर्सताईंची, समाजसेविकेची चालतील. पहिल्या डोसच्या आधी मराठीत लिहिलेला कागद. तुमच्या औषधाने केस जातात की नाही. जात असतील तर साधारण कितव्या दिवशी. त्याआधी केस आखूड कापून घेतले तर उशीवरचा पुंजका पाहण्याचा धक्का कमी होतो. भुवया-पापण्या उशिरा जातात, औषध संपल्यावरही जाऊ शकतात, आणि आल्यावर एकदा पुन्हा झडू शकतात. बाहेर पडताना चष्मा, डोळे कोरडे पडले तर डॉक्टरांना विचारून थेंब. नवीन भुवयांना लगेच धागा लावू नका, पापण्यांना डिंकाने नकली केस चिकटवू नका, गोंदवून घ्यायच्या भुवया काउंट कमी असताना मुळीच नकोत. लव केव्हा, केस केव्हा. आणि शेवटची ओळ ठळक अक्षरांत: सहा महिन्यांत केस पुरते आले नाहीत तर आम्हाला सांगा, त्यावर बोलता येतं. हा कागद मला मिळाला असता तर त्या चार रात्री मी झोपले असते.

उरलं तिसरं विधान, तक्रार न करण्याचं. त्याचं एक नवं, देखणं रूप अलीकडे आलं आहे. टक्कल अभिमानाने मिरवा, तुम्ही लढवय्या आहात, हीच तुमची पदकं. ज्या स्त्रियांनी उघड्या डोक्याने छायाचित्रं काढून घेतली, सभेत उभ्या राहिल्या, त्यांनी आमच्यासाठी वाट रुंद केली आहे आणि मी त्यांची ऋणी आहे. पण एकीचं धैर्य दुसरीसाठी नियम झालं की त्याचंही ओझं होतं. रुमाल बांधणारी भित्री, विग घालणारी खोटी, भुवया पेन्सिलने काढणारी हळवी, असा भेद त्यातून उभा राहतो. ‘केसांचं काय एवढं’ आणि ‘टक्कल मिरवा’ ही दोन्ही वाक्यं शेवटी एकच मागतात: तुझं दुःख आमच्यासमोर आणू नकोस. आणि जीव वाचल्याबद्दल कृतज्ञ असणं आणि पापण्यांसाठी रडणं यात विरोध नाही. घर जळता जळता वाचलं, तरी खुंटीवरची आईची पैठणी जळाली तर माणूस तिच्यासाठी रडतो. शेजारी त्याला ‘घर वाचलं ना’ म्हणून गप्प करत नाहीत. ते विचारतात, कोणती होती? कुठून घेतली होती?

म्हणून काकूंना, आणि काकूंसारखंच मनापासून भेटायला येणाऱ्या सगळ्यांना, माझी एक विनंती आहे. नारळ आणा, जवळ बसा. म्हण मात्र परत न्या. त्याऐवजी विचारा, ‘‘कधीपासून यायला लागले गं?’’ मी सांगेन. मार्चच्या 28 तारखेला शेवटचा डोस झाला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात कानामागे लव हाताला लागली, ती आधी मुलीच्या हाताला लागली. जूनमध्ये भुवया आल्या, डावी आधी. पापण्या जुलैत आल्या, सप्टेंबरमध्ये पुन्हा गेल्या, दिवाळीपर्यंत परत आल्या. काजळ मी पाडव्याला लावलं. माथ्यावर अजून विरळ आहे, त्याचे उपचार चालू आहेत. एवढं ऐकायला पाच मिनिटं लागतात.